मावशीच्या हातची यादी

फॉर्ममावशीच्या हाताला यश आहे, असं त्या रस्त्यावरचं लहानथोर म्हणत असे. औषधाचं दुकान आणि कुलुपं दुरुस्त करणारा, या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात लोकांचे फॉर्म भरून देत ती सत्तावीस वर्षं बसत होती. आली तेव्हा टाइपरायटर होता. पुढे कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, मालकाचे केस गेले, आणि मावशी तिथेच राहिली. लग्न झालं नाही, आणि झालं नाही याचं दुःख करायला तिला वेळही झाला नाही. दोरी लावलेला चष्मा, पाठीला उशी, टेबलावर पाण्याची बाटली आणि एक लाकडी पट्टी. लोकांच्या कागदावरचं नाव ती पट्टी ठेवून एकेक अक्षर वाची आणि मगच टंकी. तिच्या हातून गेलेला एकही अर्ज चूक म्हणून परत आला नव्हता. शेवटचं बटण दाबण्याआधी ती डोळे मिटून देवाचं नाव घेई. गिऱ्हाईकही तेवढा वेळ आपोआप गप्प होई.

खरा हंगाम प्रवेश परीक्षांचा. वर्षभर शाळेत काय शिकलं-सवरलं ते सगळं बाजूला, तीन तासांत जो नंबर पडेल तो कपाळावर. तो नंबर घेऊन आईबाप मावशीकडे येत. परीक्षा संपली तरी अर्धी लढाई बाकी असते, ती म्हणजे कॉलेजांची यादी. कुठलं पहिलं लिहायचं, कुठलं दुसरं, याला म्हणत पसंतीक्रम. मुलं घरून कागदावर लिहून आणत, वरती मोठमोठी नावं. मावशी चष्म्यावरून बघे.

"नंबर किती?"

"दोन हजार तीनशे."

"आणि वर हे लिहिलंय? अहो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात तर हातचंही जातं. हे जवळचं वर घेऊ. ते मोठं खाली राहू दे, असलं नशिबात तर मिळेल."

आणि याद्या लागल्या की तिच्या गिऱ्हाइकांना पहिल्या पसंतीचंच कॉलेज मिळालेलं असे. दरवर्षी. मिठाईचे पुडे येत. एक गृहस्थ तर म्हणाले होते, "मावशी, पेपर पोराने लिहिला, पण नंबर तुम्ही लावलात." मावशी वर बोट करून म्हणे, "त्याने लावला." पण तिला बरं वाटे, हे काही खोटं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने आपली मुलगी तिच्याकडे आणून सोडली. तो दूरच्या छोट्या गावात ट्रकची इंजिनं खोलतो. तिथे ना क्लास, ना परीक्षेचं केंद्र. "ताई, हिला घरांचे नकाशे काढायचं वेड आहे," तो दारातच म्हणाला. "त्याचं कॉलेज असतं म्हणे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू आहेस म्हणून." मुलगी बोलायला कमी. पेन्सिलीची मागची टोकं कुरतडायची सवय, म्हणून आत्याने तिचं नाव ठेवलं खारू. आल्या दिवशीच खारूने आत्याच्या दोन खोल्या वितीने मोजल्या आणि सांगितलं, "आत्या, तुझा पलंग या भिंतीला लावला तर खिडकी उघडेल." अकरा वर्षं ती खिडकी अर्धीच उघडत होती.

खारूला एकच कॉलेज हवं होतं, जुनं सरकारी, चार तासांवरचं. शाळेच्या सहलीत तिने ते पाहिलं होतं. त्याच्या चित्रांच्या हॉलला उत्तरेकडून उंच काचा आहेत आणि दिवसभर कागदावर हाताची सावली पडत नाही, हे तिने आत्याला इतक्यांदा सांगितलं होतं की आत्याला तो हॉल न बघता दिसू लागला होता. दुसरं एक नवीन कॉलेज गावाबाहेर होतं, बसने पाऊण तास. इमारत चकचकीत, शिकवणारे दर सहा महिन्यांनी बदलत.

पहिल्या वर्षी परीक्षेच्या हॉलमध्ये खारूचे हातपाय गार पडले. शेवटची अठरा उत्तरं तिने डोळे मिटल्यासारखी भरली. नंबर इतका लांब गेला की ना जुनं, ना नवीन. मग पुन्हा वर्षभर तेच. सकाळी क्लास, दुपारी सराव पेपर, संध्याकाळी चुकलेली उत्तरं. जेवताना ती घास हातात धरून भिंतीकडे बघत बसे. वजन उतरलं, डोक्यावर केस दिसेनासे झाले, कंगव्यात मात्र दिसत. आत्या देवापुढे बसली की कॉलेज मागायचं सोडून म्हणे, "एवढी ही एक परीक्षा पार पडू दे, पुन्हा या पोरीला त्या हॉलमध्ये बसवू नकोस."

दुसऱ्या परीक्षेला आत्या केंद्राच्या भिंतीला टेकून तीन तास उभी होती. बसायला जागा होती, पण बसवेना. खारू बाहेर आली आणि म्हणाली, "झालं." चांगलं गेलं का वाईट, काही नाही. घरी जाऊन जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

नंबर आला चौदाशे बारा.

"जुन्याला मिळेल?" भावाने फोनवर विचारलं.

"काठावर आहे रे," ताई म्हणाली. "मागल्या साली तेराशे ऐंशीवर थांबलं होतं."

खारूने यादी लिहून दिली. पहिलं जुनं, दुसरं नवीन, मग आणखी तीन. यादी भरायच्या दिवशी तिच्या अंगात कणकण होती, म्हणून ती घरीच राहिली. आत्याने दुकानात कागद समोर ठेवला, त्यावर पट्टी ठेवली, आणि पहिल्याच ओळीवर तिचा हात थांबला.

तिला आठवत होते कॉलेजच्या खिडकीवर कागदी अर्ज द्यायचे दिवस. तेव्हा प्रत्येक कॉलेज आपल्याला ज्याने पहिलं लिहिलंय त्याचेच कागद आधी उघडी. दुसऱ्या नंबरावर लिहिणाऱ्यांना उरलंसुरलं, आणि उरत काही नसे. मोठ्याच्या नादी लागलेली हुशार मुलं दोन्हीकडून रिकामी परत जाताना तिने डोळ्यांनी पाहिली होती. कोणाची आई याच गाळ्यासमोर फतकल मारून बसली होती. ते दिवस तिच्या हाडात मुरले होते. आणि आता ही पोर. जुनं हुकलं, नवीनही गेलं, तर तिसरं वर्ष. पुन्हा तो हॉल, पुन्हा तो कंगवा.

पोरांना काय कळतं, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि पहिली दोन नावं तिने खालीवर केली. यादी पक्की करायला मोबाईलवर आलेला आकडा खारूने फोनवरून सांगितला.

"भरलं का गं?" खारूने विचारलं.

"भरलं. तू झोप."

डोळे मिटून तिने देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

यादी लागली तो दिवस मंगळवार होता. अकरा वाजता मालक ओरडला, "मावशी, भाचीबाईंना पहिली पसंती! घ्या, घरचाही नंबर लावलात!" कुलूपवाला उठून आला, औषधवाल्याने काउंटरवरून हात हलवला. मावशी खुर्चीत मागे टेकली. दोन वर्षांचा श्वास तिने सोडला असेल तेव्हा. भावाला फोन केला, तो पलीकडे रडला की काय कोण जाणे, इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

एक वाजता खारू दुकानात आली. चप्पल उलटसुलट, हातात मोबाईल.

"आत्या, मला नवीन कॉलेज लागलंय."

"हो गं. मिळालं ना! देव पावला."

"जुन्याचा शेवटचा नंबर चौदाशे साठ आहे. चौदाशे साठवाल्याला मिळालंय. माझा चौदाशे बारा."

दुकानात तीन माणसं होती. त्यातल्या एकीने मोबाईलमधून मान वर केली. मावशीने तेव्हाच सांगितलं असतं तर! माणसाला देव तेवढी एक घटका देतो, आणि माणूस नेमकी तीच दवडतो. मावशीच्या तोंडून निघालं, "त्यांचीच काहीतरी चूक असेल. मशीन आहे. चल, मदत केंद्रावर विचारू."

मदत केंद्र म्हणजे एका शाळेचा रिकामा वर्ग. पाच बाकांवर पाच कॉम्प्युटर, फळ्यावर अजून कोणाचं तरी गणित अर्धं. रांग दाराबाहेर. दीड तास दोघी उभ्या होत्या. खारू एकटीच बोलत होती, आणि दोन वर्षांत बोलली नसेल इतकं. "चूक असेल तर दुरुस्त करतील ना गं? चौदाशे साठवाल्याची जागा नको काढायला पण. एखादी जास्तीची असते म्हणे." मावशी "हं, हं" करत राहिली. तिचे पाय दुखत होते आणि रांग पुढे सरकू नये असंही वाटत होतं.

बाकामागे एक कारकून होता, सकाळपासून तेच तेच बोलून घसा बसलेला. त्याने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं.

"चूक काही नाही. पहिल्या पसंतीचं मिळालंय. अभिनंदन. पुढचा."

"पण माझी पहिली पसंती जुनं कॉलेज आहे," खारू म्हणाली.

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. एकावर नवीन. दोनावर जुनं. खाली तारीख, वेळ, आणि खारूने सांगितलेला आकडा टाकून पक्की केल्याची नोंद.

खारू बराच वेळ वाचत होती. दोनच तर ओळी होत्या.

"बदलता येईल?" मावशीने विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"नाही हो बाई. पहिली पसंती मिळाली की तुम्ही पुढच्या फेरीतून बाहेर. तुम्हाला हवं तेच मिळालं, असं धरतात."

"मी तिला सांभाळायलाच... जुनं हुकलं तर नवीनही गेलं असतं ना?"

"कसं जाईल?" कारकुनाने चष्मा काढला. "मशीन नंबराप्रमाणे एकेकाकडे येतं आणि त्याच्या यादीत वरून खाली उतरतं. वरचं मिळालं नाही तर खालचं बघतं. खालच्या कॉलेजला कळतसुद्धा नाही तुम्ही त्याला कितवं लिहिलंय. ही पद्धत येऊन नऊ वर्षं झाली. पत्रकात पहिल्याच पानावर छापतो आम्ही."

ते पत्रक दरवर्षी मावशीच स्वतःच्या हाताने गाळ्याच्या भिंतीवर चिकटवी. त्यातल्या तारखा ती लाल पेनाने अधोरेखित करी. बाकी वाचायची गरज तिला कधी वाटली नव्हती, कारण तिला सगळं ठाऊक होतं.

यादी कुठून भरली ते कारकुनाने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. "तुम्ही त्या कुलूपवाल्याशेजारच्या दुकानातल्या का? तुमच्याकडच्या सगळ्या याद्या अशाच येतात. जवळचं वर. आम्हाला वाटायचं तुमच्या भागातल्या मुलांना लांब जायचंच नसतं."

मागच्या माणसाने घसा खाकरला. दोघी बाजूला झाल्या.

शाळेच्या आवारात एक नळ होता. खारूने तोंडावर पाणी मारलं, ओंजळीने पाणी प्याली, ओले हात तसेच ठेवून उभी राहिली.

"आत्या, तू मला फोनवर विचारलंही नाहीस."

"नाही विचारलं."

"मी दोनदा विचारलं असतं तर? भरलं का म्हणून मी विचारलं होतं. तू म्हणालीस भरलं."

"खारू, मला वाटलं, पुन्हा जर तुला..."

"मलाही वाटत होतं ते. मलाही भीती होती. पण ती माझी होती ना?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मावशीला सोपं गेलं असतं. "आणि रांगेत दीड तास मी बडबडत होते. तू ऐकत होतीस."

मावशीने मान खाली घातली. रांगेतलं हे दुसरं लपवणं पहिल्याहून वाईट, हे तिला तिथेच उमगलं.

"तुझ्या बाबांना सांगते मी," मावशी म्हणाली. "पुढल्या वर्षी परत बसायचं असेल तर माझ्याकडेच राहा, नाहीतर दुसरीकडे सोय..."

"मी परत बसणार नाही. तिसऱ्यांदा त्या हॉलमध्ये बसायची ताकद नाही माझ्यात. नवीनलाच जाते." खारूने ओले हात कपड्यांना पुसले. "तू जा दुकानात. मी येते मागून. आत्ता एकत्र नको चालूया."

मावशी एकटी निघाली. रस्ता रोजचाच, पण आज तो संपेना. चालता चालता तिच्या डोळ्यांसमोर याद्या येऊ लागल्या. नऊ वर्षं. तिच्या यशाचं गूढ ते एवढंच होतं. सोपं कॉलेज वर लिहिलं की ते मिळतंच, आणि मिळालं की तीच पहिली पसंती. आंधळ्यालाही लावता आला असता तो नंबर. मिठाईचे पुडे घेऊन आलेले सगळे आईबाप हसत होते, आणि त्यांच्या मुलांना किती वरचं मिळालं असतं ते देव जाणे आणि ते मशीन जाणे. एक मुलगी होती, नंबर सहाशेच्या आत, तिने जरा कुरकुर केली तेव्हा मावशीनेच तिला दटावलं होतं, "उड्या मारू नकोस, पडशील." ती गप्प बसली होती.

दुकानात आल्यावर ती पाणी प्यायली आणि तिने नोंदवही काढली. इंजिनीअरिंगच्या याद्या आठवडाभर ती भरत होती. त्या बदलायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत होती. घड्याळात पावणेचार. वहीत एकतीस नावं, समोर फोन नंबर.

"काय करताय?" मालकाने विचारलं.

तिने सांगितलं. काही न लपवता, खारूपासून सगळं.

मालकाने आधी दार लोटून घेतलं. "मावशी, डोकं ठिकाणावर आहे का? त्यांना मिळेल ते कॉलेज मिळेल, हसत मिठाई आणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडलीत तर उद्या एक माणूस या पायरीवर चढणार नाही. मागच्या नऊ वर्षांचे आले तर? काय सांगणार?"

"जे आहे ते."

"आणि माझं दुकान?"

मावशीला त्याचं वाईट वाटलं. भला माणूस होता, तिच्या आजारपणात त्याने पगार कापला नव्हता. "मालक, मी आज नाही सांगितलं तर उद्या मला ते बटण दाबता येणार नाही. मग तसंही दुकान तुमचंच आहे, मी नसेन."

थोड्या वेळाने मालकानेच दार उघडलं आणि शेजाऱ्याकडे जाऊन बसला.

पहिला फोन तिने एका शिंप्याला लावला. त्याच्या धाकट्या मुलाची यादी होती.

"भाऊ, फॉर्ममावशी बोलते. तुमच्या मुलाची यादी मी चुकीची लावली आहे. त्याने कागदावर जशी लिहिली होती तशीच ठेवायला हवी होती. सहाच्या आत बदलता येते. मोबाईल घेऊन याल का?"

"चुकीची म्हणजे? तुम्हीच तर म्हणालात, हातचं सोडू नका."

"म्हणाले. ते चुकीचं होतं. हातचं कुठे जात नाही, वरचं मागितलं तरी."

पलीकडे शिलाई मशीन चालू होती. ती थांबली.

"मावशी, थोरल्याची यादी पण तुम्हीच भरली होती. तीन वर्षांपूर्वी."

"हो."

"त्याचं काय मग?"

या प्रश्नाला मावशीकडे उत्तर होतं, पण ते द्यावंसं वाटत नव्हतं. "त्याचंही असंच झालं असेल," ती म्हणाली. "वरचं कदाचित मिळालं असतं. मला खात्रीने सांगता येणार नाही."

मग शिंपी म्हणाला, "धाकट्याला पाठवतो. त्याचं आधी नीट करा. बाकीचं मी येऊन बोलेन. बरंच बोलेन." आणि ठेवला.

पाच वाजेपर्यंत दुकानाबाहेर रांग लागली. कोणी घाईत, कोणी संतापलेले. एक आई म्हणाली, "तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, आमचंच चुकलं." एक मुलगा हसून म्हणाला, "मावशी, मी तर आधीच ओरडत होतो घरी," आणि त्याच्या बापाने दुसरीकडे बघितलं. मावशी प्रत्येकाला तेच विचारी, "तुझ्या मनात पहिलं कोणतं?" आणि मूल सांगेल ते टंकी, आईबापांनी मध्ये तोंड घातलं तरी. मग पडदा मुलाकडे वळवून म्हणे, "वाच. सगळं वाच. शेवटचं बटण तू दाब." पाठ मोडून आली होती. सात जणांनी फोन उचललाच नाही. ती मधूनमधून पुन्हा लावत होती.

साडेपाचला तिने मान वर केली तेव्हा रांगेत खारू उभी होती. पुढे घुसली नव्हती, आत्या म्हणून हाक मारली नव्हती. चार माणसांच्या मागे, बाकीच्यांसारखी. तिचा नंबर आला.

"प्रवेशाचं पत्र छापून हवंय," खारू म्हणाली. "उद्या कॉलेजात द्यायचंय."

मावशीने छापलं. दोन पानं. नेहमीप्रमाणे कोपऱ्यात पिन लावून ती पुढे करणार, तोच खारूने हात पुढे केला आणि पानं सुटी घेतली. टेबलाच्या कडेला उभी राहून तिने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. नाव, जन्मतारीख, नंबर, कॉलेज. मागे लोक चुळबुळ करू लागले. कोणी म्हणालं, "अगं, मावशीने छापलंय ना, बरोबरच असेल."

"वाचू दे तिला," मावशी म्हणाली.

खारूने दुसरं पान उलटलं. मावशी पुढच्या माणसाला हात दाखवून थांबवत तशीच बसून राहिली. सही करायला पेन लागेल म्हणून तिने ते आधीच उघडून टेबलावर ठेवलं.